झिजलेला रोलर, हुबेहूब

नगरच्या एमआयडीसीत आमचं एक लहानसं वर्कशॉप आहे. पत्र्याची शेड, कॉम्प्युटरवर चालणारी तीन सीएनसी मशीन, दोन जुने लेथ आणि दहा-बारा माणसं. पाण्याच्या पंपात शाफ्टवर चढणारी स्टीलची नळी आम्ही बनवतो. तिला स्लीव्ह म्हणतात. दिसायला ती इतकी साधी असते की पाहुण्यांच्या हातात दिली तर ते उलटीपालटी करून विचारतात, "एवढंच?" एवढंच. पण ही एवढीशी वस्तू आम्ही कित्येक वर्षं अमेरिकेतल्या एका पंप कंपनीला पाठवत होतो, आणि तिकडची शेतं माझ्या भरवशावर भिजतात हे मी लग्नकार्यात कुणालाही, कुणी न विचारता, सांगत असे. माझ्या माहेरी तीन पिढ्या शिक्षक. त्या घरात हाताला मशीनचं तेल लावून घेणारी मी पहिली, त्यामुळे जरा मिरवायची सवय मला आहे आणि ती सोडायचा माझा विचार नाही.

परदेशी गिऱ्हाइकाने आम्हाला शिस्त लावली. त्यांनी पाठवलेल्या ड्रॉइंगमधल्या मापात केसाएवढा फरक पडला तरी माल परत येतो, म्हणून शेडमध्ये दारासमोरच मी एक पाटी रंगवून घेतली होती: 'ड्रॉइंगमध्ये आहे ते सोडायचं नाही. ड्रॉइंगमध्ये नाही ते करायचं नाही.' माझा नवरा खरेदी-विक्रीचं बघतो. त्याला ही पाटी पाहिली की आपण छडी घेऊन उभ्या असलेल्या बाईंच्या वर्गात आलोय असं वाटतं. माणसांनी मात्र ती मनापासून घेतली होती, आणि सगळ्यांत जास्त घेतली होती आमच्या तपासणीवालीने.

ही बाई शेवगावच्याही पुढे पूर्वेला, कोरडवाहू भागातल्या गावची. आईबाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की टोळीबरोबर निघायचं, कारखान्याच्या भागात पाचटाच्या कोपीत राहायचं आणि उन्हाळा लागला की परतायचं, असं तिचं लहानपण गेलं. दरवर्षी निम्मी शाळा बुडायची. पुढे मावशीने ठेवून घेतली म्हणून आयटीआय झालं. नवरा तिकडचाच, एमआयडीसीत एका गोडाऊनवर माल चढवायला-उतरवायला जातो. मुलगी सहावीत. आमच्याकडे सहा वर्षांपूर्वी आली तेव्हा मायक्रोमीटर हातात धरायची तिची पद्धत बघूनच मी नवऱ्याला म्हटलं होतं, हिला सोडायची नाही. तिने 'पास' म्हटलेला माल आजवर एकदाही परत आलेला नाही.

मागच्या पावसाळ्यात अमेरिकेने आपल्याकडच्या मालावर जबर कर लावला. बातमी आधीपासून कानावर होती, पण बातमी आणि मेल यांत फरक असतो. मेल अगदी सभ्य होता. कळवण्यास खेद होतो, पुढची सूचना येईपर्यंत माल पाठवू नये. लाकडी खोक्यांत भरलेला, शिक्का मारलेला माल दारात उभा होता आणि टेम्पोवाला बाहेर चहा पीत होता. मी त्याला परत पाठवला आणि खोकी भिंतीला सरकवून घेतली.

असे तडाखे आम्ही याआधीही खाल्लेत. कधी कंटेनर मिळेनासे झाले, कधी कुठल्या तरी लांबच्या समुद्रात जहाजांवर हल्ले झाले आणि आमचा माल आफ्रिकेला वळसा घालून गेला, कधी युद्ध दुसऱ्यांचं आणि स्टीलचे भाव आमचे वाढले. दर वेळी आमचे शुभचिंतक येऊन सांगतात की फॉरेनचा नाद सोडा. या वेळी नवराही त्यांच्यात सामील झाला. मी त्याला सांगितलं की दार उघडं ठेवल्यामुळेच आपण इथवर आलो. आता धूळ आली तर झाडायची, दाराला भिंत बांधायची नाही. तो म्हणाला, "झाडू कुठंय?" हा प्रश्न बरोबर होता म्हणून मला त्याचा जास्त राग आला.

टीव्हीवरची मंडळी सांगत होती की देश मोठा आहे, देशातलं गिऱ्हाईक मोठं आहे, हा धक्का पचेल. पचेल, मलाही पटत होतं. पण त्या मोठ्या देशात आमची शेडही होती आणि तिच्यातली तीनपैकी दोन मशीन बंद होती. सीएनसी बंद असली की शेडमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येतो. एरवी तो कधीच ऐकू येत नाही.

पोळ्याला गावी जाऊन आल्यावर तपासणीवाली माझ्या केबिनमध्ये आली. उभ्याउभ्याच बोलली.

"मॅडम, खरं सांगा. काम हाय का न्हाई?"

"का गं? काय झालं?"

"मुकादम भेटला गावात. म्हनला, औंदा जोड्या कमी हायेत, तुमी नवरा-बायको येताय का? दसऱ्यापर्यंत सांगा म्हनला."

मुकादम म्हणजे ऊसतोडीची टोळी जमवणारा माणूस. नवरा-बायकोच्या जोडीला ते लोक एक कोयता म्हणतात आणि कामावर धरतात तो कोयता, एकटा माणूस नाही. म्हणजे ही गेली तर दोघं जाणार, आणि दोघं गेली की मुलगी मागे कुणाकडे राहणार? तीही जाणार. आईने सहावी जशी काढली तशी लेकही काढणार. हे सगळं तिने सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती.

"काम आहे," मी म्हटलं. "मुकादमाला नाही म्हणून सांग."

"सांगते की. दसऱ्याला बघू," ती म्हणाली आणि टेबलावर जाऊन बसली.

मी काम आहे म्हटलं तेव्हा काम नव्हतं, पण मला खोटं बोलल्यासारखं मुळीच वाटलं नाही. तीन मशीन आहेत, हात आहेत, नजर आहे, तर काम कुठून तरी येणारच, ही माझी समजूत होती आणि आहे. दुसऱ्या दिवसापासून मी नगर पालथं घातलं. दुधाच्या मशीनवाल्यांकडे गेले, कडबाकुट्टीवाल्यांकडे गेले, बोअरवेलवाल्यांकडे गेले. जिथे जाईन तिथे आधी अमेरिकेचं सांगायची आणि ते लोक घाबरायचे. एकाने तर हात जोडले, म्हणाला, "ताई, एवढं भारी काम आमाला परवडायचं न्हाई." मग मी अमेरिकेचं सांगणं बंद केलं.

शेवटी काम आणलं आमच्या लेथवरच्या मिस्त्रीने. त्याच्या गावाकडे नेवाशाच्या बाजूला एक गुऱ्हाळ आहे. ऊस पिळायचा जो चरक असतो त्यात बिडाचे तीन रोलर असतात, त्यांच्या मधून ऊस जातो. गुऱ्हाळवाल्याला दसऱ्याला गुऱ्हाळ सुरू करायचं होतं आणि त्याचे रोलर करून देणारा जुना कारागीर आता काम करत नव्हता. एका दुपारी पिकअपमधून तिन्ही रोलर आले. साठीचा, बोलायला मोकळा माणूस. चहा घेतला, पाटी वाचली, हसला आणि म्हणाला, "मॅडम, आसलेच नवे तीन करून द्या. दुसरं काय सांगू?"

आसलेच. बस, एवढं पुरे होतं आम्हाला.

काय उत्साह आला होता सांगू. नमुना समोर, गिऱ्हाईक समोर, मशीन रिकामी. तपासणीवालीने रोलर टेबलावर चढवून घेतला, मधून माप घेतलं, डावीकडून घेतलं, उजवीकडून घेतलं. रोलर मधोमध किंचित खोलगट होता. तिने खोली मोजली. दोन्ही काठांना बोटभर रुंदीचा काळा सपाट पट्टा होता, त्याची जाडी मोजली. माझ्या नवऱ्याने स्वतः बसून ड्रॉइंग काढलं. मी त्यावर सही केली. शेजारच्या फाउंड्रीतून कास्टिंग ओतून आणलं, सीएनसीवर त्या खोलगट भागाचा प्रोग्रॅम बसवला आणि मिस्त्रीने वरून असं पॉलिश मारलं की रोलरमध्ये तोंड दिसावं. तपासणीवालीने माप पुन्हा घेतलं आणि खडूने वर लिहिलं, 'पास'. मी फोटो काढून ठेवला.

पितृपक्षात मी, नवरा, मिस्त्री आणि तपासणीवाली असे चौघंही रोलर बसवायला गेलो. खरं तर दोघं पुरली असती, पण मला ते बघायचं होतं. चाचणीपुरता थोडा ऊस तोडून ठेवला होता. मोटार सुरू झाली, रोलर फिरायला लागले, मोटारीच्या पट्ट्याची फडफड सुरू झाली. गुऱ्हाळवाल्याने पहिला ऊस लावला. ऊस रोलरच्या तोंडाशी थांबला. त्याने जरा रेटला. ऊस तिथेच गरगर फिरला, पुढे जाईना. मिस्त्री पुढे झाला, त्याने दोन्ही हातांनी रेटला, तेव्हा ऊस कसाबसा आत गेला आणि पलीकडून चपटा होऊन बाहेर आला. पण अंगात रस तसाच. गुऱ्हाळवाल्याने ते चिपाड हातात धरून पिळलं तर धार लागली. असलं ओलं चिपाड चुलवाणात पेटत नाही, आणि चुलवाण पेटलं नाही तर काहिलीतला रस आटणार कसा?

मोटार बंद केली. गुऱ्हाळवाल्याने रोलरवरून हात फिरवला. मधला खोलगट भाग त्याच्या हाताला लागला तसा तो थांबला. पुन्हा फिरवला. मग जमिनीवर उकिडवा बसला आणि पोट धरधरून हसायला लागला.

"मॅडम, जुनं रोलर झिजलं म्हून तुमाला दिल्तं. तुमी तर झिजल्यालंच नवं करून दिलं."

आधी मला कळेचना. मग कळलं, आणि कान तापले. रोलर मुळात सरळ असतो. ऊस पकडायला त्याच्यावर खाचा असतात. वर्षानुवर्षं ऊस मधून गेला, खाचा गेल्या, मधे पोट खोल गेलं, म्हणून तर तो बदलायचा होता. आणि आम्ही ती झीज मोजली, तिचं ड्रॉइंग काढलं, तिचा प्रोग्रॅम लिहिला, तिच्यावर पॉलिश मारलं आणि तिला पास केलं. नगर जिल्ह्यात इतकी काटेकोर झीज आजवर कुणी बनवली नसेल. इतकी वर्षं परक्याच्या ड्रॉइंगवर काम केलं की हे असं होतं. वस्तू कशासाठी आहे हे विचारायची सवयच मोडते. विचारायचं कुणाला? ते लोक सात समुद्रांपलीकडे. इथे तर माणूस समोर बसून चहा पीत होता आणि आम्ही एका शब्दाने विचारलं नाही की काका, हा चालतो कसा?

मिस्त्री खाली बघत होता. नवरा माझ्याकडे बघत नव्हता, ही त्याची मेहरबानी. तपासणीवालीने आपला खडूचा 'पास' अंगठ्याने पुसून टाकला. तिचा चेहरा मला आवडला नाही. दसरा तोंडावर होता आणि तिला मुकादमाला उत्तर द्यायचं होतं.

मला अशा वेळी रडू येत नाही, राग येतो, आणि रागात माझं डोकं चांगलं चालतं. मी म्हटलं, "काका, मूळ माप काय होतं?" तो म्हणाला, ते कुणाला ठाऊक, वडिलांच्या वेळचं रोलर. जुने रोलर शेडच्या मागे टाकले होते. मी तिथे गेले आणि एका रोलरशेजारी बसले. काठावरचा तो काळा पट्टा, ज्याची जाडी आम्ही इमानेइतबारे मोजली होती, तो नखाने कुरतडला. नख काळं झालं. स्क्रू ड्रायव्हर मागवला आणि खरवडायला सुरुवात केली. पट्टा नव्हताच तो. वर्षानुवर्षं जळकी मळी आणि ग्रीस बसून दगड झालं होतं. त्याचा ढलपा निघाला आणि खाली खाच दिसली. एकीशेजारी एक, जुन्या कारागिराने पाडलेल्या तिरप्या, खोल, धारदार खाचा. काठापर्यंत ऊस कधी पोचतच नाही, त्यामुळे काठाला मूळचा रोलर जसाच्या तसा शिल्लक होता.

मी हाक मारली तर सगळे धावत आले. तपासणीवाली तिथेच मातीत मांडी घालून बसली आणि पिशवीतून व्हर्नियर काढला. या वेळी माप घ्यायच्या आधी तिने गुऱ्हाळवाल्याकडे तोंड वळवलं आणि विचारायला लागली. ऊस कुठून लावता? जाड ऊस आला तर काय होतं? खाच बुजली तर कशाने साफ करता? तिच्या अर्ध्या लहानपणाच्या वाटेवर ऊसच ऊस होता, पण तोडलेला ऊस पुढे कसा पिळतात हे तिनेही पहिल्यांदाच बघितलं होतं. गुऱ्हाळवाला रंगात आला. खाच इतकी बारीक नको, मळी अडकते, इतकी मोठी नको, ऊस तुटतो, असं तो बोटांनी दाखवत होता आणि ती लिहून घेत होती. संध्याकाळ होईपर्यंत आमच्याकडे ड्रॉइंग तयार झालं, आणि या वेळी ते आमचं होतं.

घट बसले त्याच दिवशी दुसरे रोलर तयार झाले. पॉलिश मारायचं नाही म्हणताना मिस्त्रीच्या जिवावर आलं होतं, पण त्याने ऐकलं. बसवले, मोटार लावली, आणि ऊस तोंडाशी नेताच आत ओढला गेला. गुऱ्हाळवाल्याचा हात जागच्या जागी राहिला. पलीकडे चिपाड असं कोरडं पडलं की हातात चुरा व्हावा. रस पन्हळीतून घळाघळा वाहायला लागला. त्याने पहिला पेला मला दिला. मी तो तपासणीवालीला दिला, आणि दुसऱ्याची वाट बघत उभी राहिले.

त्या भागात गुऱ्हाळं पुष्कळ, आणि हंगामाच्या तोंडावर सगळ्यांची हीच अडचण. गुऱ्हाळवाल्याने आमची फजिती चवीचवीने सांगितली असणार, कारण येणारा प्रत्येक जण आधी हसायचा आणि मग रोलर उतरवायचा. माझी त्याला हरकत नव्हती. झिजलेलं नवं करणारी बाई म्हणून का होईना, नाव झालं. शेडमधला पंखा पुन्हा ऐकू येईनासा झाला. अमेरिकेच्या कंपनीचा मधे मेल आला, थोडा थोडा माल घेऊ म्हणतात, कर दोघांनी मिळून सोसायचा का, वगैरे. नवरा म्हणाला, आता कशाला पाहिजे ते झंझट? मी म्हटलं, पाहिजे. घेणार, पण एकाच पायावर उभं राहणार नाही. भिंतीला सरकवलेली खोकी मी अजून उघडलेली नाहीत, ती जाणार. माझी खात्री आहे.

खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये यंत्रांची पूजा असते. मशीन धुऊन पुसून हार घातले होते, मिस्त्री सीएनसीला हळदकुंकू लावत होता. मी प्रसादाचे पेढे वाटत तपासणीवालीच्या टेबलापाशी आले आणि तिचा मोबाईल वाजला. तिने नाव बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तिथेच बसून उचलला.

"व्हय, बोला... न्हाई. औंदा आमचा कोयता धरू नका... न्हाई, त्यो पन येनार न्हाई. आमचं काम चालू हाय हितं... व्हय. ठिवते."

मला केवढा आनंद झाला. मनात म्हटलं, बघ, मी पोळ्यालाच सांगितलं होतं की काम आहे. तेच तिला बोलून दाखवायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तीच म्हणाली,

"मॅडम, परवा शाळा उघडली की मला अर्धा दिवस सुट्टी पायजे."

"कशाला?"

"पोरीच्या शाळेत जायचंय. दिवाळीनंतर ती ऊसतोडीला येनार, वर्गात नसनार, आसं बाईंना सांगून ठिवलं हुतं. ते न्हाई म्हून सांगायचंय."

"कधी सांगितलं होतंस?"

"तुमी काम हाय म्हनलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

पेढ्यांचं ताट हातात तसंच राहिलं. या सगळ्या दिवसांत ती रोज वेळेवर आली, रोलर मोजले, हसली, रस प्यायली, आणि लेकीच्या शाळेत आधीच तसं सांगून ठेवून ती हे सगळं करत होती. माझ्या शब्दावर तिने विसंबायचं तरी कसं? तिच्या जागी मीही विसंबले नसते. मी एक पेढा तिच्या हातावर ठेवला, मग आणखी एक ठेवला, लेकीला म्हणून.

"अर्धा नको, पूर्ण दिवस घे," मी म्हटलं.

"पूर्न नको," ती म्हणाली. "दुपारी गुऱ्हाळाची गाडी जायचीय, त्यातले दोन रोलर तपासायचे राहिलेत."